जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलावा का?



मागच्या पाठात आपण प्रोसेसर म्हणजे काय, कोअर कशाला म्हणतात, कॅश मेमरी कशासाठी असते हे पाहिलं. तास संपल्यावर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला, "सर, घरचा कॉम्प्युटर जुना आहे, फार स्लो झालाय. नुसता प्रोसेसर बदलून घेतला तर चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. पण ते शोधण्याची एक पद्धत आहे, आणि तिच्यासाठी लागणारं गणित दहावीच्या पलीकडचं नाही. आज तीच पद्धत शिकूया.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळत होतो. लॅबमध्ये सहा मशीन, सगळी पेंटियम ड्युअल कोअरची, प्रत्येकात १ जीबी रॅम आणि वर विंडोज ७. तास पस्तीस मिनिटांचा आणि मशीन सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं जायची. गॅदरिंगचे थोडे पैसे शिल्लक होते. मी मोठ्या उत्साहाने मुख्याध्यापकांना सांगितलं की प्रोसेसर बदलले की लॅब पळायला लागेल. जुन्या बाजारातून सहा कोअर टू ड्युओ आणले, रविवारी बसून स्वतःच्या हाताने बसवले. सोमवारी मुलं आली, मशीन सुरू केली, आणि पुन्हा तीच सहा मिनिटं! मुख्याध्यापक दारात येऊन शांतपणे म्हणाले, "सर, फरक कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रोसेसर खरंच आधीच्यापेक्षा चांगले होते, पण मशीन प्रोसेसरसाठी थांबतच नव्हती. ती कशासाठी थांबतात हे मी मोजलंच नव्हतं.

मशीन कुणासाठी थांबते?

लग्नघरातला मांडव डोळ्यांसमोर आणा. चपात्या लाटणारी बाई एकदम तरबेज आहे, पण कणीक मळून देणारा एकच आणि तोही दमलेला. पंगत खोळंबली म्हणून तुम्ही आणखी तरबेज लाटणारी आणली तर काय होईल? ती नुसती हात जोडून बसेल. कॉम्प्युटरमध्ये लाटणारी म्हणजे प्रोसेसर. कणीक येते रॅममधून, आणि रॅममध्ये ती येते हार्ड डिस्कवरून.

आता यातला वेगाचा फरक किती आहे ते पाहा. साध्या डेस्कटॉप हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती तबकडीवर कुठेही असू शकते, म्हणून सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी वाचणारा दांडा योग्य जागी सरकायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद. मिळून धरूया १२.५ मिलिसेकंद. याचा अर्थ विखुरलेल्या लहान लहान फाईल वाचायच्या असतील तर हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम ८० वेळा काहीतरी आणून देते. आणि ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्या १२.५ मिलिसेकंदांत किती ठोके मारतो? सव्वाचार कोटींच्या आसपास! एका फाईलसाठी एवढे ठोके रिकामे जातात. प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झचा केला तर पाच कोटी ठोके रिकामे जातील, एवढाच फरक.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. तिथे हीच वाट साधारण ०.१ मिलिसेकंदाची होते. म्हणून 'जुनं मशीन एसएसडी टाकल्यावर नवं झालं' असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

एका दुकानाची गोष्ट

आता खरं उदाहरण घेऊ. माझा एक माजी विद्यार्थी तालुक्याच्या गावी झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान चालवतो. २०२४ च्या मे महिन्यात त्याचा फोन आला. "सर, बारावीचा निकाल लागला, आता दहावीचा लागला की ॲडमिशनची गर्दी सुरू होईल. कॉम्प्युटर इतका अडकतोय की पोरं कंटाळून पलीकडच्या दुकानात जातात. मेकॅनिक म्हणतोय आय५ टाक, डबल स्पीड होईल. अडीच हजार सांगतोय. टाकू का?"

त्याच्याकडे एकूण पाच हजार रुपये बाजूला काढलेले होते. जूनचे तीन-चार आठवडे म्हणजे अशा दुकानाची सुगी असते. वर्षभराचं दुकानभाडं त्यातूनच निघतं. पैसे चुकीच्या जागी गेले असते तर ते परत मिळवायला सीझन उरला नसता. म्हटलं, "अरे, थांब. रविवारी येतो, मग ठरवू."

त्याचं मशीन असं होतं : एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर (२ कोअर, ४ थ्रेड, ३.३ गिगाहर्ट्झ, २०११ सालचा), ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. कामं कोणती? क्रोममध्ये फॉर्म भरणं, स्कॅन करून पीडीएफ बनवणं, कोरलमध्ये लग्नपत्रिका आणि बॅनर.

आम्ही दोघं मोबाईलचा स्टॉपवॉच लावून बसलो. बटण दाबल्यापासून क्रोममध्ये फॉर्मचं पान उघडून टाईप करता येईपर्यंत ४ मिनिटं २० सेकंद, म्हणजे २६० सेकंद लागले. त्या काळात टास्क मॅनेजर उघडून ठेवला होता. डिस्कचा आकडा बहुतेक वेळ १०० टक्क्यांना चिकटलेला, आणि प्रोसेसर २०-२५ टक्क्यांवर रेंगाळत होता. ढोबळ हिशोब असा निघाला की २६० पैकी सुमारे २०० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि ६० सेकंद प्रोसेसरच्या खऱ्या कामात.

आता फळ्यावर मांडतो तसं मांडूया. समजा मेकॅनिकचं म्हणणं शब्दशः खरं धरलं आणि प्रोसेसर दुप्पट वेगवान झाला. मग ६० चे ३० होतील, पण २०० तसेच राहतील. एकूण २३० सेकंद. म्हणजे अडीच हजार रुपये खर्चून चार मिनिटं वीस सेकंदांचे तीन मिनिटं पन्नास सेकंद. गिऱ्हाईक तरीही पलीकडच्या दुकानात जाणारच.

उलट एसएसडी बसवली आणि डिस्कची वाट दहापट कमी झाली असं धरलं, तर २०० चे २० होतील. अधिक प्रोसेसरचे ६०. एकूण ८० सेकंद.

या हिशोबामागे एक नियम आहे. जीन ॲमडाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली तो मुद्दा मांडला, म्हणून त्याला ॲमडालचा नियम म्हणतात. कामाचा जो भाग तुम्ही वेगवान करता, त्याचा एकूण वेळेत वाटा जेवढा, तेवढाच फायदा मिळतो. वाटाच लहान असेल तर तो भाग शंभरपट वेगवान केला तरी उपयोग नाही. दुकानाच्या मशीनमध्ये प्रोसेसरचा वेळ अगदी शून्य झाला असता तरी २०० सेकंद लागलेच असते!

टास्क मॅनेजर नीट वाचा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे वेगवेगळे आलेख दिसतात. नुसते उघडून बघू नका. जे काम स्लो वाटतं तेच काम करा आणि त्या वेळी कोणता आलेख छताला लागतो ते बघा.

पण इथे दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे डिस्क १०० टक्के दिसली की लगेच डिस्कला दोष देऊ नका. रॅम भरली की विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागेल तसं परत चढवतं. दोष रॅमच्या तुटवड्याचा आणि दमते मात्र डिस्क. म्हणून मेमरीचा आकडा आधी पाहायचा. दुकानात क्रोमचे आठ टॅब आणि कोरल उघडल्यावर ४ जीबीपैकी ३.७ जीबी भरली होती. म्हणजे तिथे डिस्क आणि रॅम दोघांचाही वाटा होता. मेमरीच्या त्याच पानावर एकूण किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं. त्याच्याकडे दोनपैकी एक रिकामा होता.

दुसरी फसगत जास्त बारीक आहे. प्रोसेसर २५ टक्के दिसतोय म्हणजे तो निवांत आहे असं नेहमीच नसतं. आय३ मध्ये चार थ्रेड. प्रोग्राम एका वेळी एकच थ्रेड वापरत असेल आणि तो पूर्ण राबत असेल, तर चारपैकी एक म्हणजे २५ टक्केच दिसणार. बाकीचे तीन बसून आहेत, पण ज्याच्यावर काम आहे तो घामाघूम! म्हणून नियम असा ठेवा : डिस्क शांत, रॅम मोकळी, प्रोसेसर २५ च्या आसपास अडकलेला आणि काम तरीही स्लो, असं दिसलं तर एकाच कोअरवर भार आहे. अशा वेळी जास्त कोअरचा प्रोसेसर आणून उपयोग नाही, प्रत्येक कोअर जलद असलेला हवा. दुकानात तसं नव्हतं. तिथे डिस्क शंभरावर होती, त्यामुळे शंका उरली नाही.

आणि हो, गिगाहर्ट्झचा आकडा बघून प्रोसेसरची तुलना करू नका. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला होता. २००६ चा कोअर टू ड्युओ ई६६०० फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, तरी त्याला मागे टाकायचा. एका ठोक्यात किती काम होतं हे पिढीप्रमाणे बदलतं.

तर दुकानाचं काय केलं? २५६ जीबीची एसएसडी १,७०० रुपयांना आणि ४ जीबीची वापरलेली डीडीआर३ रॅम ५०० रुपयांना. एकूण २,२००. मेकॅनिकची एक शंका रास्त होती. तो म्हणाला, एच६१ बोर्डवर जुन्या वेगाचं साटा पोर्ट असतं, एसएसडी अर्ध्याच वेगाने चालेल. बरोबर आहे. ते पोर्ट सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे जात नाही, आणि साध्या साटा एसएसडीवर ५०० च्या पुढचे आकडे छापलेले असतात. पण आपल्याला फायदा होतो तो वाट १२.५ वरून ०.१ मिलिसेकंदावर येण्याचा, आणि तो जुन्या पोर्टवरही मिळतो. बसवल्यावर पुन्हा स्टॉपवॉच लावला : १ मिनिट १० सेकंद. हिशोबापेक्षाही दहा सेकंद कमी, कारण रॅमही वाढली होती. पाच हजारांतले २,८०० त्याच्या खिशात राहिले, आणि जून पार पडला.

मग प्रोसेसर कधीच बदलायचा नाही का?

असं मी म्हटलेलं नाही. त्याच दिवाळीत त्याचा परत फोन. आता तो लग्नाचे छोटे व्हिडिओ एडिट करून द्यायला लागला होता. "सर, एक व्हिडिओ बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागतात, तोवर दुसरं काही करता येत नाही." मी फोनवरच विचारलं, "टास्क मॅनेजर काय म्हणतोय?" "प्रोसेसर शंभर टक्के, सर. डिस्क पाचावर."

आता उत्तर उलटं झालं! व्हिडिओचं काम सगळ्या कोअरमध्ये वाटलं जातं, आणि चाळीस मिनिटं प्रोसेसरच राबत होता. इथे मेकॅनिकचा आय५ योग्य ठरला. वापरलेला आय५-३४७०, चार खरे कोअर, १,८०० रुपयांत मिळाला. तोच व्हिडिओ २४ मिनिटांत निघाला. कोरलमध्ये आणि क्रोममध्ये मात्र त्याला फारसा फरक जाणवला नाही, कारण तिथे एका कोअरच्या वेगाला महत्त्व आहे आणि तो थोडासाच वाढला होता.

एक गंमत लक्षात आली का? मे महिन्याच्या हिशोबात प्रोसेसर दुप्पट केल्याने ३० सेकंद वाचत होते, २६० पैकी म्हणजे साडेअकरा टक्के. एसएसडी बसल्यानंतर तोच प्रोसेसर तेच ३० सेकंद वाचवतो, पण ८० पैकी, म्हणजे साडेसदतीस टक्के. वस्तू तीच, खर्च तोच, पण क्रम बदलला की ती वस्तू पैसे वसूल करते. माझ्या शाळेतल्या लॅबमध्ये क्रम चुकला होता. पुढच्या वर्षी तिथे रॅम वाढवली तेव्हा ते कोअर टू ड्युओ थोडे कामाला आले, पण तोपर्यंत माझी पत गेलेली होती.

बसेल का? हे आधी बघा

प्रोसेसर बदलायचं ठरलं तरी हवा तो प्रोसेसर हव्या त्या बोर्डवर बसत नाही. बोर्डवर प्रोसेसर बसायची जी जागा असते तिला सॉकेट म्हणतात. एच६१ वर इंटेलचं ११५५ सॉकेट असतं, त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर बसतात. चौथ्या पिढीला ११५० लागतं. पाचाचा फरक, पण बसणार नाही म्हणजे नाही. सीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्राम टाकला की सॉकेट, बोर्डचा मॉडेल नंबर, रॅमचा प्रकार सगळं दिसतं. मग बोर्डच्या कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलची प्रोसेसरची यादी असते, ती वाचायची. ही यादी न वाचता पैसे देऊ नका.

नुसतं सॉकेटचं नाव जुळूनही भागत नाही. ११५१ हे सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीला होतं आणि आठव्या-नवव्यालाही, पण एच११० सारख्या जुन्या बोर्डवर आठव्या पिढीचा आय५-८४०० चालत नाही. खाचेत बसेल, मशीन सुरू होणार नाही. दुकानाच्या बोर्डलाही अशी एक अट होती. तिसरी पिढी २०१२ ची, बोर्ड २०११ चा, त्यामुळे आधी बायोस अपडेट करावं लागलं. हे अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं असतं, आणि अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. त्याला यूपीएसची बॅटरी चार्ज करून घ्यायला लावली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

नंबराच्या शेवटी लागलेल्या अक्षराकडे नेहमी लक्ष द्या. आय५-३४७० मध्ये चार कोअर आहेत, आणि आय५-३४७०टी मध्ये दोनच! नाव जवळपास तेच, म्हणून जुन्या बाजारात लोक फसतात. आय५-३३५०पी मध्ये ग्राफिक्सचा भाग नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो बसवल्यावर स्क्रीन काळीच राहील. नव्या पिढ्यांत हेच काम 'एफ' हे अक्षर करतं.

लॅपटॉपवाल्यांनो, तुमचा विषय इथेच संपतो. गेल्या कित्येक वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डला डाग देऊन पक्का केलेला असतो. रॅम आणि एसएसडी एवढंच बघा.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला ती मनापासून आवडते. २०१७ मध्ये या सॉकेटवर पहिले रायझेन आले आणि २०२२ मध्ये त्याच सॉकेटवर रायझेन ५ ५६०० आला. समजा तुमच्याकडे २०१७ चा रायझेन ३ १२०० आहे, चार कोअर, चार थ्रेड. बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर ५६०० बसला, तर सहा कोअर, बारा थ्रेड आणि प्रत्येक कोअर आधीपेक्षा बराच जलद. बोर्ड तोच, रॅम तीच. यादीत तुमच्या बोर्डचं नाव असेल, तर माझ्या मते जुन्या मशीनवर नुसता प्रोसेसर बदलायचं याहून चांगलं उदाहरण नाही. फक्त ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी घ्या.

विंडोज ११ चा प्रश्न

आता सगळ्यात अवघड भाग. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० लागतं. दुकानाचा आय५ तिसऱ्या पिढीचा. त्या बोर्डवर कितीही महागडा प्रोसेसर बसवला, अगदी आय७-३७७० आणला तरी तो तिसऱ्याच पिढीचा, आणि यादीत तो येत नाही. एएम४ वाल्यांचं उलट आहे. १२०० यादीत नाही, ५६०० आहे. तिथे प्रोसेसर बदलला की हाही प्रश्न सुटायची शक्यता असते.

विंडोज १० ला घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर जुन्या मशीनवर लिनक्स टाकता येतं. नुसतं इंटरनेट, अभ्यास आणि टायपिंग असेल तर लिनक्स मिंट छान चालतं. शाळेच्या लॅबसाठी मी तेच सुचवीन. पण आपल्या दुकानदाराचं कोरल आणि श्रीलिपी विंडोजवर चालतं, त्याला ते सोडता येत नाही. लोकांची आधार कार्डं, मार्कशीट, बँक पासबुकं त्याच्या मशीनवर स्कॅन होतात, म्हणजे असुरक्षित मशीन चालवणंही बरोबर नाही. म्हणून आम्ही असं ठरवलं की या बोर्डवर आता एक रुपयाही घालायचा नाही. पुढच्या सीझनच्या पैशातून नवा सेट. एसएसडी त्या नव्या सेटमध्ये जाईल. डीडीआर३ रॅम आणि आय५ जाणार नाहीत, ते बोर्डबरोबरच निवृत्त होतील.

जुन्या मशीनवर खर्च करताना मी हा भेद नेहमी पाहतो : कोणती वस्तू पुढच्या मशीनमध्ये सोबत येणार आणि कोणती इथेच राहणार? जी इथेच राहणार, तिच्यावर नव्या सेटच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझा स्वतःचा आहे. तुम्ही तुमचा ठरवा. त्याला तेव्हा नव्या सेटची किंमत २५,००० सांगितली होती, त्या मानाने १,८०० चा आय५ बसतो.

बसवताना

थोडक्यात सांगतो. काम सुरू करण्याआधी वायर काढा, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, प्रोसेसरवर नाही. बोट किंवा पट्टी लागून एक पिन वाकली तरी बोर्ड जाऊ शकतो. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरवर असतात. तिथे पंखा सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर पंख्याला चिकटून उपटून येतो. म्हणून आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून पंखा हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नवी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, लोणी लावल्यासारखी फासू नका.

आणि प्रोसेसर विकत घेण्याआधी एकदा आहे त्याच प्रोसेसरचा पंखा साफ करून, नवी पेस्ट लावून बघाच. धुळीने पंखा चोंदला की प्रोसेसर तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप वेग कमी करतो. कधी कधी पेस्टच्या छोट्या ट्यूबमध्ये काम होऊन जातं.

स्वाध्याय

१. घरच्या किंवा लॅबच्या कॉम्प्युटरवर, जे काम तुम्हाला स्लो वाटतं ते करताना स्टॉपवॉच लावा. त्या वेळी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टास्क मॅनेजरमधले आकडे दर दहा सेकंदांनी वहीत लिहा.

२. एका मशीनवर एका कामाला १८० सेकंद लागतात. त्यातले १५० सेकंद प्रोसेसरचे, ३० सेकंद डिस्कचे. दीडपट वेगाचा प्रोसेसर घेतला तर एकूण वेळ किती होईल? त्याऐवजी एसएसडी घेऊन डिस्कची वाट दहापट कमी केली तर किती?

३. सीपीयू-झेड वापरून तुमच्या मशीनचं सॉकेट आणि बोर्डचा नंबर शोधा. त्या बोर्डवर बसणारा सगळ्यात चांगला प्रोसेसर कोणता, आणि तो विंडोज ११ च्या यादीत आहे का, हे लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोमवारी फळ्यावर सोडवू. पहिल्या प्रश्नाच्या वह्या घेऊन या, मला ते आकडे खरंच बघायचे आहेत.